माणसं एकदम उगवतात

३ मार्च, सोमवार

नवीन वही. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं. वाचणारा कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारणच उरत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी आज आम्हा तिघा इन्स्ट्रक्टरांना केबिनमध्ये बोलावलं. यंदापासून लायसन्स रिन्यू करायचं तर डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार म्हणाले. पन्नाशीच्या पुढच्यांना. म्हणजे मला. बाकीच्या दोघांना अजून धड मिशा नाहीत. बोलताना मालक सारखे माझ्याकडेच बघत होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बघणारच ना, गेल्या महिन्यात गाडीचा डावा आरसा कोणी फोडला. मी म्हटलं मी नाही, खांबाने फोडला. खांब नवीन होता. ती म्हणाली तो खांब आपल्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. हिला खांबांचा इतिहास कधीपासून माहीत झाला, देव जाणे.

निम्म्या गावाला मी गाडी शिकवली. आणि आता माझे डोळे तपासणार.

५ मार्च

लेक ऑफिसातून येताना खोका घेऊन आली. वाढदिवसाची भेट. वाढदिवस होऊन महिना झाला, पण तिचं सगळं असंच, निवांत. उघडून बघतो तर 'गाडी'.

डोळ्यांत पाणी आलं. हे खरं लिहितो.

कॉलेजात असताना बसस्टँडसमोर व्हिडिओ पार्लर होतं. तिथे हे मशीन होतं. बसायला सीट, हातात खरं स्टिअरिंग, पायाखाली अॅक्सिलरेटर. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'गाडी' म्हणायचो. लाल गाडी, समुद्राकाठचा रस्ता, वरती उलटं पळणारं घड्याळ. चेकपॉइंट गाठला की थोडा वेळ वाढवून मिळायचा. शेवटचा चेकपॉइंट गाठणारा त्या पार्लरमध्ये मी एकटा. स्कोअरच्या यादीत सगळ्यात वर माझी तीन अक्षरं असायची. ड्रायव्हिंगमध्ये आलो तो त्या मशीनमुळे. बाबा म्हणायचे कार्टं वाया गेलं. वाया गेलं नाही, मास्तर झालं.

आता तेच सगळं हातभर खोक्यात आलंय. टीव्हीला जोडलं की झालं. उद्यापासून रोज सकाळी, चहाच्या आधी. हात मोकळा होईल, नजर तेज राहील. सर्टिफिकेटची तयारीही आपोआप होईल.

६ मार्च

पहिल्याच वळणावर ट्रक. डावीकडून. परत सुरू केलं, परत ट्रक. मग एक पिवळी गाडी, तीही डावीकडून, काही कारण नसताना.

जुन्या मशीनमध्ये असला प्रकार नव्हता. घरी खेळायच्या आवृत्तीत कंपनीने काहीतरी भेसळ केलेली आहे. लेकीला तसं म्हटलं, तर तिने मोबाइलवर कुठे कुठे वाचून सांगितलं की हुबेहूब तोच खेळ आहे, एक झाडसुद्धा बदललेलं नाही. मोबाइलवर काय, काहीही लिहितात.

बायकोने चहाचा कप भलतीकडे ठेवला होता, तो सांडला. रोजच्याच जागी ठेवला, असं ती म्हणते.

१० मार्च

नवीन शिकाऊ: गणिताच्या बाई. शाळेतून रिटायर झाल्या आणि आता गाडी शिकायची हौस. हुशार आहेत, पण फार घाबरट. आज मोकळ्या रस्त्यावर गपकन ब्रेक मारला. माझं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं. मी समजावलं, बाई, विनाकारण ब्रेक मारू नये, मागचा येऊन आदळेल. त्या म्हणाल्या, सायकल. मी म्हटलं, कसली सायकल. तेवढ्यात खरंच एक सायकल आमच्या बॉनेटपुढून निघून गेली. वर सायकलवाला मला शिव्याही देऊन गेला.

आजकाल माणसं अशी एकदम उगवतात. पूर्वी लोक लांबून येताना दिसायचे. चालण्याला एक पद्धत होती.

१४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायकोला बाहेर बसवलं, उगाच आत गर्दी नको.

भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही फर्स्ट क्लास. तिथेच सर्टिफिकेट हातात पडायला हवं होतं. पण नाही. डोळ्यांचं प्रेशर बघितलं, आत टॉर्च मारला, हं हं केलं आणि दुसऱ्या खोलीत पाठवलं.

दुसऱ्या खोलीत जे होतं ते बघून मी चाटच पडलो. चक्क व्हिडिओ गेम. एका डोळ्याला पट्टी, हनुवटी टेकायची, समोर पांढरा घुमट, मध्ये एक ठिपका. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मशीन चालवणारी मुलगी समजावून सांगत होती. मी तिला म्हटलं, बाळ, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी बटणं दाबतोय.

जरा वेळात लय सापडली. दिवा, मग थोडं थांबणं, मग दिवा. दिवा दिसायची वाट बघत बसलो नाही. खेळणारा माणूस वाट बघत नाही, अंदाज बांधतो. दे दणादण दाबत गेलो. एकही सुटू दिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. मग म्हणाल्या, दिवा लागलेला नसतानाही तुम्ही बटण दाबलंय, या रिपोर्टवर विश्वास ठेवता येणार नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा करू. थोडक्यात मशीनला माझा वेग झेपला नाही.

मग बरंच बोलल्या. काचबिंदूचा दाट संशय. आतली नस झिजते. आधी कडेकडेचं दिसेनासं होतं, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवता येते. थेंब दिले, रोज दोनदा, एकदाही चुकवायचे नाहीत. आणि पुढची तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

मी बरं म्हणालो. तसाही मी चालवत नाहीच. चालवतात ते शिकाऊ. मी शेजारी बसतो.

बाहेर येऊन बायकोला सांगितलं, सगळं उत्तम आहे, डोळे थोडे कोरडे आहेत, थेंब दिलेत.

१५ मार्च

थेंब घातले. डोळे चुरचुरले, चांगला अर्धा तास धुरकट. त्यानंतर 'गाडी' खेळलो तर लाजिरवाणा स्कोअर. उद्यापासून आधी खेळ, मग थेंब.

१७ मार्च

खेळ झाला की लगेच स्कूलला निघावं लागतं. धुरकट डोळ्यांनी रस्त्यावर जाणं म्हणजे बेजबाबदारपणा. थेंब संध्याकाळी.

१९ मार्च

संध्याकाळी सरावाचा दुसरा राउंड असतो हे लक्षातच आलं नव्हतं. थेंबांची सुरुवात सोमवारपासून, नीट वेळापत्रक आखून. अर्धवट कामं मला आवडत नाहीत.

मालकांनी सर्टिफिकेट विचारलं. तपासणी झालीय म्हणालो, शंभर टक्के खरं. कागद यायचाय.

२३ मार्च, रविवार

लेक मॉलमध्ये घेऊन गेली. वरच्या मजल्यावर कोणीतरी जुनी मशीनं आणून ठेवली आहेत आणि त्यांत आपली 'गाडी'. तीच सीट, तेच स्टिअरिंग, रंगही तोच. सीटवर बसलो आणि एकदम वीस वर्षांचा झालो.

आजूबाजूला चार लोक जमले. लेकीने सगळ्यांना सांगून टाकलं, बाबा चॅम्पियन होते. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं.

पहिला चेकपॉइंटसुद्धा आला नाही.

स्क्रीन नाकासमोर आणि ही भली मोठी. वाहनं दोन्ही बाजूंनी येत होती, कुठूनही, कशीही. मी सरळच चाललो होतो. दुसऱ्यांदा खेळलो, तेच. तिसऱ्यांदा लेक शेजारी उभी राहून सांगायला लागली, बाबा डावीकडे, बाबा डावीकडे. मी तिला गप्प बसवलं. मग ती स्वतः बसली. जन्मात कधी खेळलेली नाही, हसत हसत दोन चेकपॉइंट पार करून गेली. उठली तेव्हा मात्र हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

स्टिअरिंग ढिलं झालंय. जुन्या मशीनची निगा कोण राखतो. तिथल्या माणसाला तसं स्पष्ट सांगितलं.

२ एप्रिल

मोठा शोध. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात 'गाडी'ची जुनी घरगुती आवृत्ती मिळाली, अगदी पहिल्या काळातली. कॅसेट घालायची. त्या काळी त्या यंत्रांत दमच नव्हता, म्हणून रस्त्याकडेची निम्मी झाडं, पाट्या, घरं काढून टाकलेली. रस्ता आणि आपण. शिवाय मागच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीला जोडलं. स्कोअर दुप्पट.

मुद्दा लक्षात आला. दोष मोठ्या टीव्हीचा होता. माणसाने उगाच पसारा वाढवून ठेवलाय. जितकी जुनी आवृत्ती, तितकी शुद्ध.

थेंब: वेळापत्रक आखायचं राहिलं.

९ एप्रिल

बायकोच्या वागण्यात फरक पडलाय. बाहेर निघालो की मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला येते आणि दंड धरून चालते. लग्नानंतर पहिल्या वर्षीसुद्धा हिने असा हात धरला नव्हता. पाण्याचा ग्लास टेबलावर न ठेवता थेट उजव्या हातात देते. दाराजवळचं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. माझी नडगी गेले काही दिवस सारखी त्यावर आपटायची, हे हिच्या लक्षात आलं असणार. या वयात प्रेम उफाळून आलंय. मी काही बोललो नाही. बोललो की बायका लाजतात.

आज एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. स्वतःचा चष्मा बदलायचाय म्हणे. आल्यावर बराच वेळ माझ्यासमोर बसून होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, थेंब घालता ना. मी म्हटलं, रोज. म्हणाली, मी घालून देत जाऊ का. मी म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे का.

चष्मा मात्र तोच आहे तिचा.

१८ एप्रिल

विक्रम. विक्रम. विक्रम.

दुरुस्तीवाल्याकडूनच हातात धरायची आवृत्ती आणली. स्क्रीन काडेपेटीएवढी. रंग नाहीत, आवाज चिमणीसारखा, पण खेळ तोच. आज शेवटचा चेकपॉइंट गाठला. एकाही गाडीला न धडकता. कॉलेजच्या दिवसांनंतर प्रथमच. नाव विचारलं तेव्हा तीन अक्षरं घातली.

आता शांतपणे विचार करू. मॉलमध्ये हरलो. मोठ्या टीव्हीवर हरलो. छोट्या टीव्हीवर बरं. हातातल्यावर विक्रम. म्हणजे एका महिन्यात प्रगतीच प्रगती. आणि या महिन्यात मी थेंब घातले का? नाही. याचा अर्थ डोळे आपोआप सुधारताहेत आणि थेंबांनी उलट नुकसानच झालं असतं. डॉक्टरीणबाईंना हे समजावून सांगायला पाहिजे. पुढच्या भेटीत यंत्र सोबत नेतो. प्रत्यक्षच दाखवतो.

क्लिनिकमधून फोन आला होता, तपासणीची तारीख ठरवायला. महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे म्हणालो. चौथ्या चेकपॉइंटला होतो.

२५ एप्रिल

गणिताच्या बाई आता छान चालवतात. त्यांनी स्वतःच एक पद्धत काढलीय. गाडी चालवताना डावीकडचं सगळं मोठ्याने बोलत जातात. डावीकडे हातगाडी. डावीकडे आजोबा. डावीकडे शाळेची मुलं, थांबतेय. एका सुरात, हजेरी घेतल्यासारखं. मला फार आवडलं. सगळ्या शिकाऊंना हीच पद्धत लावायला हवी. शेवटी डोळ्यांत तेल घालून शिकवल्याचं हे फळ.

दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, उजवीकडचं का नाही बोलत त्या. मी म्हटलं, उजवीकडचं त्यांना येतच असेल.

३० एप्रिल

बाई परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. पेढे वगैरे काही आणले नाहीत, पण निघताना बाजूला घेऊन बराच वेळ घुटमळल्या. मला वाटलं आभार मानायचे असतील, शब्द सापडत नसतील. शेवटी म्हणाल्या, मास्तर, आता तुम्हाला कोण सांगणार?

मी म्हटलं, काय कोण सांगणार. त्या म्हणाल्या, मी आज मालकांशी बोलू का, की तुम्ही स्वतः बोलता. मी म्हटलं, बाई, सर्टिफिकेट पास झाल्याचं मिळालंय तुम्हाला, आता मास्तर बदलून काय करणार. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. मुलांची वही तपासताना बघावं तसं बघत होत्या.

जरा अस्वस्थ वाटलं. घरी येऊन लगेच हातातल्या यंत्रावर खेळलो. शेवटचा चेकपॉइंट परत गाठला. आता बरं वाटतंय.

६ मे

मालकांनी मला रस्त्यावरून काढून वर्गात बसवलं. वाहतुकीच्या खुणा शिकवायच्या. फळ्यावर. सर्टिफिकेट येईपर्यंतच, असं म्हणाले. बाई बोलल्याच म्हणजे. नाव घेतलं नाही त्यांनी, पण मला काय कळत नाही.

अनुभवी माणसाला वर्गात बसवणं यात सन्मान आहे, असाही विचार करता येईल. मी तो करायचा ठरवलाय.

स्कूलची गाडी मात्र दुपारी जेवायला घरी न्यायची सवलत चालू आहे. मालकांच्या लक्षातून ती सुटली. मी आठवण करून दिली नाही.

बायकोला वर्गाचं सांगितलं. तिला आनंद झाला. लपवायचा प्रयत्न केला, पण झाला. मग विचारलं, जेवायला कसे येता मग. म्हटलं, चालत.

९ मे

क्लिनिकमधून परत फोन. सोमवारी नक्की येतो म्हणालो. थेंबही सोमवारपासूनच. दोन्ही एकदम सुरू केलं की हिशोब सोपा.

आज गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून घरी चालत आलो. बायको खिडकीत होती. जेवताना तिने आमटीची वाटी माझ्या डाव्या बाजूला ठेवली. हल्ली ती डावीकडे काही ठेवत नाही. मी वाट बघितली, मग म्हटलं, आज आमटी नाही का. तिने मग वाटी उचलून समोर ठेवली.

चेष्टा करायची ही काय पद्धत झाली.

१२ मे, सोमवार

अपॉइंटमेंट पुढे ढकलली. वर्गात नवीन बॅच. पहिल्याच दिवशी मास्तर नाही हे बरं दिसत नाही.

१४ मे

लिहायला बसलोय पण काय लिहू.

दुपारी जेवून निघालो. आज गाडी गेटसमोरच उभी केली होती, ऊन फार होतं. स्टार्ट केली, आरसा बघितला, समोर बघितलं. रस्ता मोकळा. पूर्ण मोकळा. हे मी कोणालाही सांगायला तयार आहे. गाडी जराशी पुढे घेतली आणि डाव्या अंगाला काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं.

बायको.

ब्रेक मारला, उतरलो, पळालो. पडली होती. उजवा हात अंगाखाली. ओरडली नाही. मी ओरडलो. म्हटलं, अशी एकदम कशी आलीस मध्ये.

मनगट मोडलंय. दोन ठिकाणी. डोक्याला लागलं नाही. लेक ऑफिसातून थेट हॉस्पिटलमध्ये आली.

१५ मे

एकदम आली. तिनेही बघायला हवं होतं.

१६ मे

लेक बोलत नाही. जेवण वाढते आणि जाते. मी तिला सगळं रीतसर समजावलं. गाडीची दिशा, वेग, गेटची उंची, ऊन. कागदावर आकृतीसुद्धा काढून दाखवली. तिने आकृती बघितली आणि विचारलं, बाबा, यात आई कुठे आहे. मी म्हटलं, तेच तर सांगतोय, ती नव्हतीच.

१७ मे

सूज उतरल्यावर आज प्लास्टर घातलं, ते वाळेपर्यंत तिच्याजवळ बसलो होतो. मी परत म्हटलं, तू एकदम उगवलीस. तिने शांतपणे सांगितलं.

ती एकदम आलीच नव्हती. मी चप्पल घालत होतो तेव्हाच ती खाली उतरली. गाडीच्या डाव्या दिव्यापाशी उभी राहिली. मी बाहेर आलो, तिच्या समोरून गेलो, दार उघडलं, बसलो. तिने हात वर केला. मी तिच्याच दिशेने बघितलं. ती म्हणाली, मला वाटलं आता थांबाल, आता म्हणाल, काय गं काय झालं. डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलं होतं, पण माझा विश्वास बसत नव्हता. वाटीचं ठीक आहे. वाटी लहान असते. मी एवढी मोठी बाई. इतकं तरी दिसत असेल असं वाटलं मला.

मी बाजूला सरकले नाही ही माझी चूक, असंही म्हणाली.

तिच्या प्लास्टरकडे बघत बसलो. ते दिसत होतं, कारण मी त्याच्याकडेच बघत होतो.

२४ मे

गाडीची किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली.

थेंब घालतोय. सकाळ-संध्याकाळ. लेक घालते. बायकोचा हात अडकलेला.

'गाडी' खेळलो नाही. एकदा हातात घेतली होती. सुरू होण्याआधी ठेवून दिली.

२ जून

दुपारी तिघं क्लिनिकमध्ये. डॉक्टरीणबाईंना थेंबांचं खरं काय ते सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या लिहीत राहिल्या, ते जास्त वाईट वाटलं. मग परत त्या दुसऱ्या खोलीत. दारापर्यंत बायको आली होती. म्हणाली, आज अंदाज बांधू नका. दिसेल तेव्हाच दाबा. नाही दिसलं तर नका दाबू. मी हो म्हणालो.

मशीन चालवणारी मुलगी तीच. तिने उजव्या डोळ्याला पट्टी लावली. हनुवटी टेकली. मधला ठिपका दिसत होता, अगदी स्वच्छ. बटणावर अंगठा ठेवला. आज प्रामाणिकपणे करायचं ठरवलंच होतं.

ठिपक्याजवळ एक दिवा लागला. दाबलं. मग आणखी एक, तोही जवळच. दाबलं. मग काहीच नाही. मी वाट बघितली. ठिपक्यावरून नजर हलवली नाही. बराच वेळ गेला. मशीनची बारीक घरघर चालू होती. मध्ये एकदा पुन्हा ठिपक्यापाशीच काहीतरी लुकलुकलं, दाबलं. मग पुन्हा नुसता पांढरा घुमट. मला वाटलं काहीतरी अडकलंय. मग वाटलं ती मुलगी चहाला गेली असेल, आल्यावर पुढचं सुरू करेल. मान अवघडली. तरी हललो नाही. आपल्यामुळे परत बिघडायला नको.

शेवटी विचारलं, बाळ, उरलेले दिवे कधी लावणार?

ती शेजारीच होती. म्हणाली, काका, सगळे लावले. झाली या डोळ्याची.

मी हनुवटी तिथेच ठेवून बसलो. फार भीती वाटली. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. तिने पट्टी काढली आणि म्हणाली, आता दुसरा डोळा घेऊ.

मी म्हटलं, थांब जरा. बाहेर माझी बायको बसलीय, तिला आत बोलाव. ती म्हणाली, काका, टेस्ट चालू असताना नातेवाइकांना आत घेत नाहीत. मी म्हटलं, माहितीये. तरी बोलाव.